भाड्याचं घर मेअखेरपर्यंत हवंय, मालकांचे भाऊ ३१ जानेवारीलाच सोडा म्हणालेत, काय करावं?

तुळशीकट्टा | ४ जानेवारी २०२६, रात्री

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी होणार, आधीच सांगते. आम्ही बेळगावात टिळकवाडीत भाड्यानं राहतो, २०२१ पासून. फ्लॅट नाही, मालकांचं वडिलोपार्जित घर आहे, मंगळुरी कौलांचं, पुढं सोपा, मागं परडं, परड्यात फणस आणि विहीर. एक खोली मालकांनी स्वतःकडं ठेवलीय कुलूप लावून, तिच्यात त्यांचे देव, पितळेची मोठी पातेली, आजोबांची आरामखुर्ची असलं सगळं आहे. गणपतीत ते सगळे येतात, सोप्यात त्यांचा गणपती बसतो, आम्ही तेवढे दिवस मागच्या खोल्यांत सरकतो. त्याचं काही नाही, उलट पोरांना मजा येते.

अ‍ॅग्रीमेंट दर अकरा महिन्यांनी नवीन होतं, थोरल्या मालकांच्या सहीनं. ते शहापुरात राहतात. त्यांचे धाकटे भाऊ पुण्यात. वडील गेल्यावर घर दोघांच्या नावावर झालंय असं ऐकलंय. चालू अ‍ॅग्रीमेंट ३१ जानेवारीला संपतं. भाडं १२ हजार, डिपॉझिट १ लाख.

आता झालंय असं की गेल्या आठवड्यात धाकट्यांचा व्हॉट्सअ‍ॅप आला, ३१ जानेवारीपर्यंत घर व्हेकेट करा, एवढंच, ना कारण ना काही. थोरल्यांना फोन केला तर ते म्हणाले "रहा की ओ, तो काय म्हणतोय ते मनावर घेऊ नका." पण लिहून काही देत नाहीत, आणि फेब्रुवारीचं अ‍ॅग्रीमेंट कधी करायचं विचारलं की "बघू" म्हणतात.

आमची अडचण: कंग्राळीला आमचं घर बांधायचं चाललंय, स्लॅब पडलाय, गिलावा होत आलाय, फरशी आणि वायरिंग बाकी. कॉन्ट्रॅक्टर एप्रिल म्हणतोय, कुठल्या सालातला ते विचारायचं धाडस नाही. थोरली लेक दहावीला, मार्च-एप्रिलमध्ये एसएसएलसी. सासऱ्यांना जिना चढवत नाही, म्हणजे चार महिन्यांसाठी मधेच दुसरं घर बघायचं तर तळमजलाच पाहिजे, आणि चार महिन्यांसाठी घर देतंय कोण, ब्रोकर परत एक महिन्याचं भाडं घेणार ते वेगळंच. मेअखेरपर्यंत इथंच राहायला मिळालं तर सगळं सुटतं.

आमचे हे म्हणतात गप्प राहायचं, भाडं टाकत राहायचं, कोण काय करतंय बघू. मला ते पटत नाही, चांगले संबंध आहेत, ते घालवून राहायचं नाही. कोणी अशी मुदत वाढवून घेतली असेल तर कसं बोललात ते सांगा प्लीज.

---

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

थोरले रहा म्हणालेत ना, मग राहून सोडा की. ज्यांच्याशी करार त्यांचा शब्द. पुण्याचा माणूस तिथनं काय करणार, भाडं वेळेवर जातंय म्हटल्यावर कोणी काढत नाही ओ. डोक्याला ताप करून घेऊ नका, पोरीला अभ्यास करू दे.

---

चंदगडी_पावणा

ताई आमच्याकडं हल्ली सगळं लीव्ह अँड लायसन्स, ऑनलाइन रजिस्टर, घरी बसून अंगठा. तुम्ही पण मालकाला सांगा लीव्ह अँड लायसन्स करू म्हणून, मालक लोकांना त्याची भीती वाटत नाही.

---

कोर्टगल्ली

पावणं, चंदगड महाराष्ट्रात आहे, टिळकवाडी कर्नाटकात. तुमच्याकडं १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे, म्हणून रजिस्टर करावंच लागतं. तो कायदा हद्दीवरच्या शिनोळीच्या अलीकडं चालत नाही. इकडं नेहमीची पद्धत अकरा महिन्यांचं रेंट अ‍ॅग्रीमेंट, ई-स्टॅम्पवर, नोटरी करून. अकराच का, तर एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा असला की रजिस्ट्रेशन कायदा १९०८, कलम १७ प्रमाणं रजिस्टर करावा लागतो, तो खर्च आणि खेपा टाळायला.

आता तुळशीकट्टा ताईंसाठी जरा नीट सांगतो.

आपल्याकडं कर्नाटक रेंट अ‍ॅक्ट १९९९ आहे, ३१ डिसेंबर २००१ पासून लागू. पण महिना साडेतीन हजारांच्या वर भाडं असलेल्या घराला तो लागत नाही. तुमचं १२ हजार, म्हणजे तुम्ही त्यात नाहीच. तुम्हाला लागतो ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्ट १८८२. त्यात दोन गोष्टी बघा. कलम ११६, मुदत संपल्यावर भाडेकरू राहिला आणि मालकानं भाडं घेतलं, तर वेगळं काही ठरलेलं नसेल तर राहण्याच्या घराचा करार महिन्या-महिन्यानं पुढं चालू झाला असं धरतात. आणि कलम १०६, असला महिन्याचा करार मोडायला पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते.

म्हणजे ३१ तारखेला कोणी येऊन सामान बाहेर काढू शकत नाही, कोर्टातनं आदेश आणल्याशिवाय बळजबरीनं काढलं तर स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मागता येतो. पण उलट बाजू पण ऐका. "गप्प राहायचं" हा जो बेत आहे त्यात तुमच्या हातात फक्त पंधरा दिवस आहेत. मार्चमध्ये लेकीचा पेपर असताना नोटीस आली तर? कोर्टात वेळ जाईल, तुम्ही मेपर्यंत राहाल सुद्धा, पण त्या घरात बसून पोरगी अभ्यास करेल का ते तुम्हीच ठरवा.

उद्यमबागवाल्यांना, थोरल्यांचा शब्द मोलाचा आहे मान्य, पण घर दोघांचं असेल तर एक हिस्सेदार सुद्धा घर खाली करून मागायचा दावा लावू शकतो, दुसऱ्यानं हरकत घेतली नाही तर. तेव्हा कागद करायचा तर दोघांच्या सह्यांचा करा. १ फेब्रुवारी ते अमुक तारीख, तेवढ्याच मुदतीचा वेगळा कागद. जुन्याला चिकटवू नका.

---

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

एवढं कायदेशीर बोललं की मालक अजून बिथरतंय ओ. नोटीस, कलम असलं काय काढू नका त्यांच्यापुढं.

---

कोर्टगल्ली

काढायला कुठं सांगितलं? स्वतःला माहीत असावं एवढंच.

---

अनगोळ_घरमालक

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, म्हणून लिहितोय. अनगोळमध्ये दोन पोर्शन भाड्यानं दिलेत.

तुम्ही सगळे भाडं किती वाढवायचं यावर येणार हे मला माहीत आहे, पाच टक्के का दहा टक्के. मालकाच्या डोक्यात ते शेवटी असतं. पहिल्यांदा असतं हे बसणार तर नाहीत ना. आमच्या चुलत्यांचं गावातल्या पेठेत एक दुकान होतं, भाडेकरूला १९६१ च्या जुन्या रेंट कंट्रोल कायद्याचं संरक्षण, भाडं इतकं कमी की घरपट्टी पण सुटायची नाही, चुलते गेले पण ताबा मिळाला नाही. आमच्या पिढीच्या घरमालकांनी असल्या गोष्टी जेवताना ऐकल्यात. कायदा बदलला तरी भीती तशीच आहे. त्यात तुमचे मालक दोघं भाऊ, वडील नुकतेच गेलेले, घराचं पुढं काय करायचं ठरलेलं नसणार. धाकट्याला वाटत असणार थोरला गावातच आहे, भाडं तोच घेतोय, भाडेकरू त्याच्याच ओळखीचे, उद्या घर विकायचं म्हटलं तर हे लोक थोरल्याच्या बाजूनं बसून राहतील. तुम्ही तसले नाही हो, पण त्याला कसं कळणार? तो तुम्हाला वर्षातनं एकदा गणपतीत बघतो.

तेव्हा त्याला सांगायचं ते हे, की आम्ही जाणार आहोत. कंग्राळीच्या बांधकामाचे फोटो पाठवा, स्लॅबचा, गिलाव्याचा. स्वतःचं घर बांधत असलेला भाडेकरू हा मालकासाठी सगळ्यात चांगला भाडेकरू, तो जाणारच असतो. हे त्याला माहीत तरी आहे का? माझी खात्री आहे थोरल्यांनी सांगितलेलं नसणार.

आणि अजून एक. १ लाख डिपॉझिट आहे ना? ३१ जानेवारीला घर सोडा म्हणजे ३१ जानेवारीला लाख रुपये मोजायला लागणार. ते कोणाकडं आहेत? वडिलांनी घेतले असतील तर दोघा भावांत कोणी किती द्यायचे हे त्यांचं ठरलंय का? हे त्यांना टोचून विचारू नका, पण तुम्हीच पुढं होऊन म्हणा की शेवटच्या दोन-तीन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमध्ये वळतं करा, म्हणजे तुम्हाला एकदम रक्कम उभी करायला नको. बघा किती फरक पडतोय.

---

निपाणीकर

वरच्या पोस्टला +१. डिपॉझिटचं अगदी खरं. आमच्या निपाणीत पण बरेच मालक नवीन भाडेकरू डिपॉझिट घेऊन आल्याशिवाय जुन्याचं परत देत नाहीत.

---

शहापूरची_वैनी

तुळशीकट्टा, तू सगळं पुरुषांशी बोलालीस. थोरल्यांना फोन, धाकट्यांना मेसेज. मालकीणबाई कुठं आहेत यात? त्यांना माहीत असतंय ओ घरात काय चाललंय. आणि संक्रांत आलीय की तोंडावर! १४ ला संक्रांत, रथसप्तमी २५ ला, तोवर हळदीकुंकू चालतंय. बोलाव त्यांना. त्यांचंच घर आहे, त्यांचाच सोपा आहे, नको कोण म्हणणार. तिळगूळ दे, वाण दे, आणि मग हळूच विचार, वैनी, भाऊजी असं का म्हणालेत? ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, सरळ विचारायचं, पण फोनवर नाही, समोर बसवून.

---

चंदगडी_पावणा

हे बेस्ट आहे 😄 कलम ११६ विरुद्ध हळदीकुंकू

---

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

वैनींच्या पोस्टला शंभर लाईक. वाण म्हणून काय द्यायचं ते पण सांगा 😀

---

शहापूरची_वैनी

प्लॅस्टिकचा डबा नको एवढं बघ म्हणजे झालं. स्टीलचं काहीतरी.

---

निपाणीकर

ताई एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. तुम्ही मेअखेर म्हणालाय. यंदा अधिक महिना आहे, अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. तुमच्या घरात मानतात का नाही मला माहीत नाही, पण सासरे आहेत म्हटल्यावर मानत असणार. अधिकात वास्तुशांत नाही, गृहप्रवेश नाही. म्हणजे कॉन्ट्रॅक्टरनं एप्रिलचा मे केला आणि १७ तारीख उलटली की तुम्ही १५ जूनपर्यंत आत जाऊ शकत नाही, घर तयार असून. मग मेअखेरला कुठं जाणार? परत मालकाकडं जाऊन अजून पंधरा दिवस द्या म्हणणार? एकदा मुदत मागून परत मागितली की माणसाचा विश्वास उडतो. त्यापेक्षा आत्ताच ३० जून मागा आणि लवकर झालं तर लवकर सोडतो म्हणा. जूनमध्ये तुमच्याकडं पाऊस काय असतो माहीत आहे, टेंपोवर ताडपत्री घालून कपाटं न्यायला लागतील, पण ते परवडलं.

---

तुळशीकट्टा | ६ जानेवारी

निपाणीकर, तुमची पोस्ट वाचून मी कॅलेंडर काढलं आणि सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या "मग काय, मला माहीत होतं की." कोणाला सांगितलं नव्हतं एवढंच! धन्यवाद, खरंच. ३० जूनच मागणार.

वैनी, हळदीकुंकू ठरवतेय. आणि अनगोळकरांनी सांगितलं तसं धाकट्यांना बांधकामाचे फोटो पाठवले, सोबत दोन ओळी लिहिल्या. निळी टिक आलीय, उत्तर नाही.

---

कोर्टगल्ली

उत्तर नाही हे पण उत्तरच. नाही म्हटलेलं नाही.

---

तुळशीकट्टा | १८ जानेवारी

मंडळी, अपडेट. जरा सविस्तर लिहिते, कारण जे कळलं ते आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात पण नव्हतं.

काल हळदीकुंकू केलं. थोरल्या मालकीणबाई आल्या, सोबत त्यांच्या जाऊबाई! पुण्याच्या. त्या इथंच आल्यात आठवड्यासाठी. आल्या आल्या त्यांनी कुलपाची खोली उघडून देवांना हळदकुंकू वाहिलं, मग सोप्यात बसल्या. मी गूळपोळी दिली, तूप वाढलं, आणि वैनी तुम्ही सांगितलं तसं सरळ विचारलं.

तर जाऊबाईंच्या मुलाचं लग्न ठरलंय. एप्रिलच्या शेवटी. आणि त्यांचं म्हणणं देवक याच घरात बसलं पाहिजे, सासऱ्यांची तशी इच्छा होती, त्यांचं स्वतःचं लग्न याच सोप्यात लागलं होतं. लग्नानंतर गोंधळ पण इथंच घालायचाय. कार्यालय वेगळं बुक केलंय, पण देवकार्य घरी. म्हणून भाऊजी म्हणाले होते की जानेवारीत घर खाली करू, रंग काढू, लग्न उरकू, मग बघू भाड्यानं द्यायचं का काय ते. हे त्यांनी थोरल्यांना सांगितलं, थोरल्यांना आम्हाला जा म्हणायचं जिवावर आलं, म्हणून ते "बघू" म्हणत राहिले, आणि धाकट्यांना वाटलं थोरले मुद्दाम बोलत नाहीत म्हणून त्यांनी तो मेसेज टाकला. दोघं भाऊ एकमेकांवर चिडून आणि मधे आम्ही.

मी म्हटलं वैनी, एवढंच होतं तर सांगायचं नाही का! गणपतीत आम्ही मागं सरकतोच की. लग्नाला चार दिवस आम्ही सगळेच्या सगळे माझ्या माहेरी खानापूरला जातो, तोवर लेकीचे पेपर संपलेले असणार, सगळं घर तुमचं, स्वयंपाकघरासकट. आमच्या सामानाच्या दोन खोल्यांना फक्त कुलूप लावतो. जाऊबाई बघतच राहिल्या. म्हणाल्या चालेल तुम्हाला? मी म्हटलं चालेल म्हणजे, आम्हाला जेवायला बोलवा.

पण सगळं सुटलं असं नाही. त्यांना रंग काढायचाय लग्नाआधी, आणि कौलं पण शाकारून घ्यायचीत म्हणे. मार्चमध्ये! म्हणजे बरोबर परीक्षेच्या वेळी वर कौलं काढणार. त्यावर काल काही ठरलं नाही. आज संध्याकाळी धाकटे फोन करणार आहेत. काय बोलू, काय लिहून घेऊ, पटापट सांगा.

---

शहापूरची_वैनी

बघ! 😊 गूळपोळीला यश.

---

अनगोळ_घरमालक

मी भीती भीती म्हणत होतो आणि निघालं देवक. असू दे, भीती पण आहेच त्यात, नाहीतर कारण लपवलं नसतं.

संध्याकाळच्या फोनसाठी सांगतो. १) रंगाला नाही म्हणू नका, फक्त तारीख मागा. शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवसापासून पेंटर येऊ दे. एप्रिलचे पहिले दोन आठवडे मिळतात त्यांना, सोपा आणि पुढची बाजू आरामात होते. मागच्या खोल्या तुम्ही गेल्यावर. २) कौलं शाकारायचं काम पावसाच्या आधी मेमध्ये केलं तरी चालतंय, ते लग्नाला कशाला. हे तुम्ही म्हणू नका, थोरल्यांच्या तोंडून म्हणवा. ३) भाडं वाढवतो म्हणून तुम्हीच आधी सांगा, त्यांनी मागायच्या आधी. पाच टक्के, १२,६००. आपणहून दिलं की समोरचा जास्त ताणत नाही.

---

कोर्टगल्ली

कागदात एवढं असू दे. मुदत १ फेब्रुवारी ते ३० जून. दोघा भावांच्या सह्या. भाडं कोणाच्या खात्यावर जायचं ते एकच नाव, नाहीतर उद्या धाकटे म्हणतील मला मिळालंच नाही. डिपॉझिटची रक्कम आणि त्यातलं कोणत्या महिन्याचं भाडं वळतं करायचं ते. तुम्ही आधी सोडलं तर त्या तारखेपर्यंतचंच भाडं. लग्नाच्या दिवसांत घर वापरायला दिलं म्हणजे तुम्ही ताबा सोडला असं होत नाही, हे एका ओळीत जरूर लिहा, दिवसांच्या तारखांसकट. हसू नका, चार दिवसांनी कुलूप बदललेलं सापडलं अशी भांडणं कोर्टात येतात.

धाकटे बहुतेक दंडाचं कलम मागतील, ३० जूननंतर राहिलात तर रोज अमुक रुपये. घाबरू नका, मान्य करा, रक्कम वाजवी ठेवा. भरमसाट लिहिली तरी काँट्रॅक्ट अ‍ॅक्ट कलम ७४ प्रमाणं कोर्ट तेवढी सगळी देईलच असं नाही, वाजवी भरपाईच देतं, लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा. पण त्या कलमानं धाकट्यांना झोप लागेल.

आणि मधेच घर विकलं तर? ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्टच्या कलम १०९ प्रमाणं घेणारा मालकाच्या जागी येतो, तुमचा करार त्याच्याशी चालू राहतो. ते पण एका ओळीत घाला, वाद नको.

---

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

मी आधी राहून सोडा म्हटलं होतं, ते मागं घेत नाही 😄 पण हे चांगलं झालं. एक विचारतो, कागद कन्नडमध्ये करणार का इंग्रजीत?

---

कोर्टगल्ली

कोर्टाच्या आवारातले टायपिंगवाले दोन्हीत करून देतात. दोन्ही बाजूंना वाचता येईल त्यात करा. या ताईंचे मालक मराठी, ताई मराठी, सही करायच्या आधी एकानं मोठ्यानं मराठीत वाचून दाखवा सगळ्यांसमोर. निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

---

तुळशीकट्टा | १९ जानेवारी

फोन झाला काल, जवळजवळ तासभर. धाकटे माणूस वाईट नाहीत, बोलायला तुटक आहेत. पहिलं वाक्य "तुम्ही बांधकामाचे फोटो आधी का नाही पाठवले" असं होतं 🙂 अनगोळकर तुमचा अंदाज बरोबर, थोरल्यांनी त्यांना कंग्राळीचं काही सांगितलंच नव्हतं.

३० जून मान्य. भाडं मी १२,६०० म्हटलं, त्यांनी १३ म्हटलं, मी म्हटलं लग्नाचे चार दिवस घर तुमचं आहे त्याचं भाडं कोण देणार, मग हसले आणि १२,६०० वर आले. मे आणि जूनचं भाडं डिपॉझिटमधनं वळतं, राहिलेले ७४,८०० चावी देताना. हे त्यांना लगेच आवडलं, एकदम आवाज बदलला. कारण खरंच डिपॉझिट वडिलांनी घेतलं होतं आणि ते कुठं गेलं दोघांना पण माहीत नाही.

दंड त्यांनी मागितलाच, रोज हजार म्हणाले, आमच्या ह्यांनी पाचशेवर आणलं. रंग पेपर झाल्यावर. कौलांचं मात्र अजून लोंबकळत आहे, ते म्हणतात कामगार मेमध्ये मिळत नाहीत, सगळ्यांनाच तेव्हा शाकारायचं असतं. ते पण खोटं नाही. मधला मार्ग निघालाय की मार्चमध्ये फक्त सोप्यावरची कौलं, रविवारच्या दिवशी, लेक त्या दिवशी मैत्रिणीकडं जाईल अभ्यासाला. लेक कुरकुर करालीय, पण ठीक आहे.

थोरले रविवारी येणार आहेत सहीला. धाकट्यांची सही कशी घ्यायची? ते पुण्यात.

---

कोर्टगल्ली

ई-स्टॅम्प इथं काढा, थोरल्यांची आणि तुमची सही घ्या, कागद कुरियरनं पुण्याला. घाई असेल तर जाऊबाई परत जाणार आहेत ना, त्यांच्याबरोबरच द्या. नोटरी दोन्ही सह्या झाल्यावर. तोवर धाकट्यांकडनं ठरलेल्या अटी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून "मान्य" एवढं घ्या, आणि फेब्रुवारीचं भाडं बँकेतनंच पाठवा, रोख नको.

---

शहापूरची_वैनी

आणि लग्नाला आहेर काय करणार ते पण ठरव आत्ताच 😀

---

निपाणीकर

ताई अजून एक, गृहज्योती, सरकारची फुकट विजेची योजना. तुमच्या नावावर लिंक आहे का त्या घराचं मीटर?

---

तुळशीकट्टा

हो, आमच्या ह्यांच्या आधारला. २०२३ ला योजना आली तेव्हाच केलं होतं, बिल शून्यच येतं बहुतेक. का?

---

निपाणीकर

मग जूनमध्ये चावी द्यायच्या आधी ते डी-लिंक करा, सेवा सिंधू या सरकारी पोर्टलवर होतं. नाहीतर तुमच्या कंग्राळीच्या नवीन मीटरला अर्ज करताना आधार आधीच जोडलेलं दाखवतं, आणि इकडं मालकांच्या पुढच्या भाडेकरूला पण मिळत नाही, मग सहा महिन्यांनी धाकट्यांचा परत तुटक मेसेज. आणि लग्नाच्या चार दिवसांत मांडव, लाइटिंग, पाण्याचे हीटर सगळं तुमच्याच मीटरवर चालणार आहे. तुमची मंजूर युनिटं तुमच्या जुन्या सरासरीवर ठरलेली असतात, वर दहा टक्के, त्याच्या पुढचं बिल येतं. आणि महिन्याला २०० युनिट ओलांडली तर त्या महिन्याचं सगळंच बिल भरायला लागतंय. एप्रिलचं ते कोण भरणार, हे पण कागदात घाला.

---

तुळशीकट्टा

अगं बाई. हे तर सुचलंच नसतं. रविवारी थोरल्यांपुढं काढते हा विषय, चहा झाल्यावर.

---

अनगोळ_घरमालक

चहाच्या आधी काढा. चहा झाला की थोरले "बघू" म्हणून उठतील.